पॅटन बुटका का दिसतो?

आमचं जेवणाचं टेबल सहा फूट बाय साडेतीन फूट आहे. सोमवार ते शुक्रवार ते घराचं आणि वीकांताला माझं, असा घरात एक अलिखित करार आहे. (रविवारी रात्री आठच्या आत टेबल मोकळं करायचं, हे त्यातलं बारीक अक्षरातलं कलम.) तर मंडळी, सप्टेंबरातल्या एका शनिवारी त्या टेबलावर १९६५ सालची सियालकोट आघाडी मांडलेली होती. मातकट हिरवी चादर, पुठ्ठ्याची चार घरं, आणि काथ्याच्या पायपुसण्याचे चौकोनी तुकडे कापून केलेली उसाची शेतं. पायपुसण्याचा ऊस झकास दिसतो. कधी करून बघा, फक्त ते पायपुसणं घरात कुणाच्या आवडीचं आहे का, हे आधी विचारून घ्या.

एका बाजूला चार सेंच्युरियन, दुसऱ्या बाजूला पाच पॅटन. तीन महिने रोज रात्री हापिसातून आल्यावर अर्धा-अर्धा तास बसून रंगवलेले. मी स्वतःवरच खूश होऊन फोटो काढत होतो तेवढ्यात सोसायटीच्या देखभाल खर्चाचं पत्रक घेऊन तिसऱ्या मजल्यावरचे सुभेदार काका आले.

काका ईएमईतले. म्हणजे लष्करात जे दुरुस्त करतात, त्यातले. भरती १९६८ सालची, त्यामुळे पासष्टच्या लढाया त्यांनीही ऐकलेल्याच. पण रणगाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढलेली वर्षं बरीच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एका हातात सेंच्युरियन घेतला, दुसऱ्या हातात पॅटन, आणि विचारलं, "हा पॅटन बुटका का रे?"

"काका, तो तसाच असतो," मी म्हणालो. जालावर चार लेख वाचलेल्या माणसाचा आत्मविश्वास काय वर्णावा!

"तसा नसतो. सेंच्युरियन मी हातानं उघडलाय. पॅटन त्याच्यापेक्षा अंगानं मोठा. नगरला उभा आहे, जाऊन बघ." चहा पिऊन काका गेले. मी व्हर्नियर कॅलिपर काढला.

आता आकडे बघा. खरा सेंच्युरियन साधारण ३.०१ मीटर उंच आणि ३.३९ मीटर रुंद. खरा एम-४८ पॅटन साधारण ३.१ मीटर उंच आणि ३.६५ मीटर रुंद. गंमत म्हणजे वजनात उलटा प्रकार. सेंच्युरियन पन्नास टनांच्या आसपास, पॅटन पंचेचाळीसच्या. म्हणजे आपला गडी अंगानं आटोपशीर पण जड, आणि समोरचा मोठा पण हलका. आणि माझ्या टेबलावर? सेंच्युरियनची उंची ४१.८ मिमी, पॅटनची ४०.७. रुंदीत जवळजवळ बरोबरी. इतिहास अगदी गुपचूप उलटा झाला होता, आणि तो उलटा करायला मी तीन महिने खपलो होतो.

कारण काय, तर माझा सेंच्युरियन १/७२ प्रमाणातला होता आणि पॅटन १/७६ मधला. पहिला प्लास्टिकच्या किटमधून जोडलेला, दुसरा एका छोट्या उत्पादकाकडून मागवलेला रेझिनचा. दोन्ही आपापल्या जागी अचूक! आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट दोन्ही पास, इंटिग्रेशनला बोंब. खरेदी करताना वाटलं होतं की बहात्तर काय नि शहात्तर काय, चारचा तर फरक. पण तो फरक साडेपाच टक्क्यांच्या वर जातो, आणि सेंच्युरियन आणि पॅटन यांच्या खऱ्या उंचीतला फरक आहे तीन टक्के. चूक खऱ्यापेक्षा मोठी असली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं एवढं मनाला लावून घ्यायचं कारण फिल्लोरा. ८ सप्टेंबर १९६५ रोजी आपलं पहिलं चिलखती डिव्हिजन सियालकोट आघाडीवर पुढे घुसलं आणि ११ तारखेला त्यानं फिल्लोरा घेतलं. त्यात १७ पूना हॉर्स होती. नावातलं पूना हे आपलंच पुणं. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्या खर्चानं कंपनी सरकारनं उभारलेलं हे घोडदळ. घोडे जाऊन रणगाडे आले तरी नाव राहिलं. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. फिल्लोरानंतर पाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बुतूर डोगरांडीजवळ ते पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटनं शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले आणि आपले ९ गमावले असा आकडा आहे. चाविंडा मात्र आपल्या हाती आलं नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर टेबलावरचं युद्ध फारच सोपं होऊन बसतं.

त्या वेळी पॅटन म्हणजे अमेरिकेकडून मिळालेला नवा दमदार रणगाडा, ९० मिमीची तोफ. सेंच्युरियनचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी-शेवटीचा, तोफ २० पौंडी म्हणजे ८४ मिमीची. धिप्पाड आणि नव्या पॅटनसमोर जुन्या वळणाचा सेंच्युरियन उभा राहिला, ही त्या लढाईची अर्धी गोष्ट. ती माझ्या टेबलावर कुणाला दिसलीच नसती. बघणाऱ्याला वाटलं असतं, आपलेच मोठे होते, जिंकले त्यात काय!

मग पुढचे दोन वीकांत मी हे बहात्तर-शहात्तर प्रकरण खणत बसलो. मला वाटलं होतं यामागे काहीतरी लष्करी तर्क असेल. निघाली आगगाडी.

युरोपात खेळण्यातल्या आगगाड्यांचं एचओ नावाचं प्रमाण होतं. खऱ्या एका फुटाला ३.५ मिमी, म्हणजे १/८७. रुळांतलं अंतर १६.५ मिमी. इंग्रजांनाही हेच हवं होतं, पण त्यांचे बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे त्यांची खरी इंजिनंच अंगानं लहान. ती १/८७ मध्ये केली तर त्या काळची विजेची मोटर आत मावेना! मग त्यांनी काय केलं? रूळ तेच ठेवले आणि वरचं इंजिन तेवढं फुगवलं, फुटाला ४ मिमी. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, भागिले चार, ७६.२. हेच ते डबल-ओ प्रमाण. फूट आणि मिलिमीटर यांचा हा संकर बघून मला नासाचं ते १९९९ साली मंगळावर हरवलेलं यान आठवलं. परिणाम असा की इंग्लंडमधल्या डबल-ओ गाड्या आजही प्रमाणापेक्षा अरुंद रुळांवरून धावतात. खऱ्या मापात हिशेब केला तर तब्बल सात इंचांनी अरुंद. कुणीतरी "तात्पुरतं करू, नंतर नीट करू" म्हणालं असणार. ते "नंतर" कधी येतं, ते आपल्यापैकी कुणालाही विचारा.

१९३८ साली हॉर्नबीच्या डब्लो गाड्या आल्या आणि डबल-ओ इंग्लंडच्या घराघरांत पोचलं. पुढे एअरफिक्सनं १९५९ पासून छोटे प्लास्टिकचे सैनिक काढले, १९६१ मध्ये पँथर आणि शर्मनसारखे रणगाडे. ते कुठल्या प्रमाणात काढायचे? गिऱ्हाइकाच्या घरात आधीच आगगाडी मांडलेली आहे, स्टेशन आहे, झाडं आहेत. झालं, रणगाडे आगगाडीच्या मापाचे. खोक्यावर एचओ आणि डबल-ओ दोन्ही छापायचं, म्हणजे कुणीच नाराज नाही. (पुढे २००६ साली हॉर्नबीनंच एअरफिक्स विकत घेतली. वर्तुळ पूर्ण.)

बहात्तरचं घराणं वेगळं. ते सरळ इंचाचं गणित, सहा फुटाला एक इंच, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात स्कायबर्ड्सची लाकडी विमानं या मापात निघाली, १९३६ पासून फ्रॉगची प्लास्टिकची. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलानं शाळाशाळांतल्या मुलांकडून १/७२ ची लाकडी विमानं करून घ्यायला सुरुवात केली. सैनिकांनी आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे नुसत्या आकारावरून ओळखावं, त्या सरावासाठी. इथे मला एक हिशेब सापडला आणि मी खुर्चीतून उठलोच. १/७२ चं विमान ३५ फुटांवरून बघितलं की ते जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर, २,५२० फूट. म्हणजे प्रमाण ही नुसती लांबी-रुंदीची गोष्ट नाही. तुम्ही किती लांब उभे राहून बघताय, ते प्रमाण ठरवतं.

तेव्हा बहात्तर आलं विमानातून आणि शहात्तर आगगाडीतून. युद्धखेळासाठी दोन्हींपैकी एकही जन्मलेलं नाही. युद्धखेळ करणारे आम्ही लोक दुसऱ्यांच्या पंगतीत जेवून आलेले.

हे पहिल्यापासून असंच आहे. एच. जी. वेल्स, म्हणजे टाइम मशीनवाले, त्यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून घरातल्या जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम घालून दिले. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट, आणि खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर लाकडी गोळी उडवून शिसाचे शिपाई पाडायची. ते शिपाई ब्रिटन्स कंपनीचे, ५४ मिमी उंच. हे मापही त्या काळच्या एक नंबर गेजच्या आगगाडीशी जुळणारं. १/८७ चं तसंच. ऑस्ट्रियाच्या रोकोनं १९६० च्या दशकात मिनिटँक्स काढले, तेही एचओ आगगाडीशेजारी उभे राहतील असे.

यात आणखी एक घोळ सैनिकांच्या उंचीचा. रणगाड्याचं प्रमाण अपूर्णांकात सांगतात, सैनिकाचं मिलिमीटरमध्ये. १५ मिमीचा सैनिक म्हणजे काय? कुणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतं, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत, आणि दर काही वर्षांनी नवे सैनिक जरा जास्त उंच निघतात, कारण रंगवायला सोपे आणि दुकानात उठून दिसतात. १५ मिमी म्हणून घेतलेले १८ भरतात. न्यूझीलंडच्या बॅटलफ्रंटनं २००२ मध्ये 'फ्लेम्स ऑफ वॉर' आणलं, तेव्हा या १५ मिमीवाल्यांसाठी १/१०० चा रणगाडा असं एक मोठं गाव वसलं आणि निदान तिथे तरी जरा शिस्त आली.

मग मी फिल्लोरासाठी १/१०० शोधू लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. भारत-पाकिस्तान १९६५ असं लिहिलेला खोका मला मिळाला नाही, पण अरब-इस्राएल १९६७ चा मिळाला. त्यात काय होतं? सेंच्युरियन, पॅटन, शर्मन! इस्राएल आणि जॉर्डन, दोघांकडे सेंच्युरियनही होते आणि पॅटनही. आपल्या लढाईनंतर दोन वर्षांनी तीच जोडी वाळवंटात पुन्हा समोरासमोर. म्हणजे खोका जेरुसलेमचा घ्यायचा आणि रंग पंजाबचा द्यायचा. फक्त नळीकडे लक्ष ठेवा. इस्राएलनं आपल्या सेंच्युरियनवर १०५ मिमीच्या तोफा बसवायला घेतल्या होत्या, पासष्टच्या आपल्या सेंच्युरियनवर ८४ मिमीची. नळी तेवढी बदलावी लागते. उत्साही लोक पितळी तारेची करतात. मी अगरबत्तीच्या काडीची केली, चालून गेली.

पण काकांचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून एका शनिवारी त्यांना गाडीत घालून नगरला गेलो. (२०२४ पासून अहिल्यानगर, काकांच्या तोंडी मात्र नगरच.) तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ साली आर्मर्ड कोअरनं सुरू केलेलं. झाडांच्या सावलीत, उघड्यावर ओळीनं उभे रणगाडे. काका सेंच्युरियनजवळ बराच वेळ बोलले नाहीत. मग मला त्याच्या शेजारी उभं केलं, फोटो काढला. पॅटनशेजारी उभं केलं, पुन्हा फोटो. घरी येऊन दोन्ही फोटोंत माझीच उंची पट्टी म्हणून वापरली. काकांचं खरं होतं. पण फोटोंपेक्षा मला जास्त कळलं ते तिथे नुसतं उभं राहून. पॅटनचा गोलसर बुरूज डोक्यावर येतो तेव्हा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो. तो मागे सरकण्याचा भाग टेबलावर कसा आणायचा, याला माझ्याकडे उत्तर नाही. निदान उलटा तरी आणू नये, एवढंच.

परतताना काकांनी शिक्रापूरजवळ मिसळ खाता खाता दुसरा बॉम्ब टाकला. "उंचीचं सोड. तुझे टँक एकमेकांना चिकटलेले असतात, त्याचं काय? हे काय कबड्डी खेळतायत?"

आणि हा प्रश्न जास्त अवघड होता. रणगाडा हजार मीटरवरून रणगाड्याला मारतो. १/७२ मध्ये हजार मीटर म्हणजे जवळजवळ १४ मीटर. आमच्या घरातून मारलेला गोळा जिन्यात पडेल. १/१०० मध्ये १० मीटर. म्हणून सगळे नियम जमिनीला वेगळं प्रमाण देतात, रणगाडा १/१०० चा आणि त्याखालची जमीन हजारात दाबलेली. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. याबाबतीत सगळ्यात प्रामाणिक प्रशियन लोक. १८२४ साली धाकट्या राइसवित्झनं आपला 'क्रीगश्पील' प्रशियाच्या सैन्यासमोर मांडला, तो १/८००० च्या नकाशावर, आणि तुकड्यांचे ठोकळेही त्याच मापाचे. खोटेपणा शून्य. पण १/८००० मध्ये सेंच्युरियन भरतो एक मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी. रव्याचा दाणा! रव्याच्या दाण्यावर पूना हॉर्सची खूण कोण रंगवणार?

मध्ये कुठेतरी उभं राहायचं तर १/२८५ किंवा १/३००. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या जीएचक्यू कंपनीनं १९६० च्या दशकाच्या शेवटी १/२८५ चे धातूचे बारीक रणगाडे काढायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात अमेरिकन लष्करानं आपल्या अधिकाऱ्यांसाठी 'डन-केम्फ' नावाचा सरावखेळ केला, तो याच मापाचे रणगाडे घेऊन. इंग्लंडनं मात्र १/३०० धरलं, फुटाला साधारण एक मिलिमीटर. पुन्हा तेच! २८५ आणि ३०० मध्येही फरक पाच टक्क्यांचा. पण इथे सेंच्युरियन जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटीमीटर लांब, उंचीतली चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तुम्ही हातभर लांबून बघणार. डोळा माफ करतो.

तर इतका गाळ उपसल्यावर मी माझ्यापुरतं जे ठरवलं ते असं. एकमेकांवर गोळ्या झाडणारे रणगाडे एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे. यात तडजोड नाही, कारण बघणारा त्यांचीच तुलना करतो. ट्रक आणि जीप मागे रस्त्यावर असतील तर १/७६ चा ट्रक १/७२ च्या रणगाड्याशेजारी खुशाल चालतो. ट्रक लहान-मोठे असतातच. घरं तर प्रमाणापेक्षा लहानच बरी, नाहीतर फिल्लोराच्या दोन घरांत अर्धं टेबल जातं. सैनिकांच्या पायाखालची चकती मोजायला विसरू नका. दोन मिलिमीटरच्या चकतीवर उभा राहिलेला शिपाई १/७२ मध्ये अर्ध्या फुटानं वाढतो आणि टरेटमध्ये डोकावू लागतो. आणि खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा चाकाचा व्यास मोजा, खऱ्याशी भागाकार करा. भागाकार खोटं बोलत नाही.

मी १/२८५ घेतले, दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या. पार्सल यायला सात आठवडे लागले आणि आतले रणगाडे बघून बायको म्हणाली, "अरे, हे तर चवळीच्या दाण्याएवढे आहेत. एवढ्याला एवढे पैसे?" चवळीपेक्षा जरा मोठे आहेत, पण मी वाद घातला नाही. रंगवायला मात्र एकच महिना लागला.

मागच्या रविवारी काकांना बोलावलं. काका आले ते थेट मोजपट्टी घेऊनच. टेबलाकडे त्यांनी बघितलंही नाही. "हजार मीटर किती होतात यात?" मी म्हणालो, साडेतीन मीटर. मग त्यांनी चादर टेबलावरून काढायला लावली, हॉलमधलं सोफ्याचं टेबल भिंतीला सरकवलं, आणि स्वतः खुर्ची टाकून बसले, कारण गुडघे वाकत नाहीत. मी वेल्ससाहेबांसारखा फरशीवर पोटावर आडवा. सेंच्युरियन दिवाणाच्या पायाशी, पॅटन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. मध्ये नुसती फरशी आणि पायपुसण्याचा ऊस. गाल फरशीला टेकवून बघितलं तर पलीकडचे पाच पॅटन उसाच्या कडेला पाच ठिपके होते. ते पॅटन आहेत की दुसरंच काही, हे तिथून अजिबात कळत नव्हतं.

"आत्ता," काका म्हणाले, "आता फासा टाक."

पहिल्याच फाशाला माझा सेंच्युरियन गेला. आठ वाजायला दहा मिनिटं होती आणि पॅटनच्या ओळीच्या मागून आवाज आला की कुकर लावायचाय, उंबऱ्यातलं सैन्य जरा हलवता का.